विहीर बघून मोटार

निपाणीत कुठलीही मोठी खरेदी निघाली की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोल्हापूर की बेळगाव? कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तर. लग्नाचा बस्ता असो, आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन असो की ट्रॅक्टरचा पार्ट, चर्चा हीच. गेल्या दिवाळीनंतर माझ्या ग्राफिक्स कार्डासाठीही ती झाली. पण कार्ड कुठून घ्यायचं यापेक्षा कुठलं घ्यायचं, यावर मी जास्त अडकलो होतो.

माझा कॉम्प्युटर २०१८ चा. बेळगावात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आप्पांनी घेऊन दिलेला. इंटेलचा आय-फाइव्ह ८४०० प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. त्यावर ड्रॉइंग केली, प्रोजेक्ट केले आणि अर्थात गेमही खेळलो. आता आम्ही शाळेतले तिघे मित्र तीन ठिकाणी आहोत. एक पुण्यात, एक जर्मनीत आणि मी घरून काम करत निपाणीत. शनिवारी रात्री दोन तास एकत्र खेळतो. खेळ कमी, गप्पाच जास्त. पण नवे गेम माझ्या कार्डाला झेपेनात. चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. त्यात ऑक्टोबर २०२५ नंतर या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं बंद झालं. "तू नसलास की मजा नाही रे," असं दोघं म्हणायचे, आणि हळूहळू माझ्याशिवायच खेळायला लागले.

दीड वर्षात साठ हजार साठवले होते. मनात आरटीएक्स ५०७० भरलं होतं. रोज रात्री जेवण झालं की त्याचेच व्हिडिओ.

एकदा आप्पा पाठीमागे येऊन उभे राहिले. "काय बघालास गा एवढं?"

सांगितलं. किंमत ऐकून ओरडतील असं वाटलं होतं. ते खुर्ची ओढून बसले.

"आपल्या विहिरीवर साडेसात एचपीची मोटार होती, माहीत हाय?"

मला माहीत नव्हतं. मी लहान असतानाची गोष्ट. शेजारच्या मळ्यात मोठी मोटार बसली म्हणून आप्पांनीही तीन एचपीची काढून साडेसातची बसवली. अर्ध्या तासात विहीर तळाला जायची आणि मग मोटार कोरडी फिरायची. केबल जुनीच, ती तापायची. पहिल्याच उन्हाळ्यात वाइंडिंग जळलं. मोटारीसाठी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. त्या सोडवायला तंबाखूचे दोन हंगाम गेले.

"मोटार चांगलीच होती," आप्पा म्हणाले. "पण विहिरीत किती झरतंय ते आधी बघायचं असतं. मी शेजाऱ्याचं बघितलं."

पाटल्यांची गोष्ट ना आईनं कधी सांगितली होती, ना त्यांनी. त्या रात्री मी व्हिडिओ बंद केले आणि माझी विहीर बघायला घेतली. तुमच्यापैकी कुणी अशा खरेदीत असेल, म्हणून ते सविस्तर सांगतो.

आधी पडदा. माझा मॉनिटर फुल एचडी, ६० हर्ट्झचा. म्हणजे तो सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. कार्डानं दीडशे तयार केली तरी वरची नव्वद मला दिसणारच नाहीत.

मग प्रोसेसर. यासाठी एक सोपी चाचणी आहे, पैसे लागत नाहीत. गेममधली सगळी सेटिंग्ज आणि रिझोल्यूशन कमीत कमी करायचं. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. वाढल्या नाहीत तर प्रोसेसर. माझ्याकडे अठ्ठावीसवरून पंचावन्नपर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या. सेटिंग्ज आणखी खाली आणली तरी हलेनात. म्हणजे या गेममध्ये माझ्या विहिरीचा झरा पंचावन्नाचा. कार्ड कितीही मोठं आणलं तरी त्याच्या पुढं पाणी नाही.

तिसरा पॉवर सप्लाय, म्हणजे आप्पांची केबल. माझा ४५० वॅटचा, सात वर्षं जुना. ५०७० हे कार्ड एकटंच २५० वॅटपर्यंत ओढतं आणि कंपनी त्यासाठी ६५० वॅटचा सप्लाय सांगते. शेवटी टेप घेऊन कॅबिनेटमधली जागा मोजली. तीही फार नव्हती.

आता यादी लहान झाली. नव्या गेमसाठी ४ जीबी मेमरी अपुरी, निदान ८ तरी हवी. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, एएमडीच्या आरएक्स ६६०० ला १३२. मेमरी दोन्हींत ८ जीबी. माझ्या जुन्या बोर्डावर दोन्हींचा वेग थोडा कमी होतो, पण साठच्या पडद्यावर तो फारसा जाणवणार नव्हता. पुण्याच्या मित्रानं सेकंडहँड आरटीएक्स ३०६० सुचवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डं बाजारात आली. ती सगळी वाईट असतात असं नाही. पण या कार्डाला बिल नव्हतं, वॉरंटी नव्हती, म्हणून नको म्हटलं. शेवटी आरएक्स ६६०० ठरवलं. ५०७० च्या निम्म्याहून कमी पैशांत ते बसत होतं. त्याला ४५० वॅटचा सप्लायही चालतो, पण आमच्याकडे लाइट येता-जाता झटके देते, म्हणून जुना सप्लाय बदलून चांगला ५५० वॅटचा घ्यायचं ठरवलं.

कोल्हापूर जवळ असूनही गाडी बेळगावला काढली, कारण कॉलेजपासून ओळखीचं दुकान तिथं. आप्पाही आले. दुकानदार आमच्याशी मराठीत, पोऱ्याशी कन्नडमध्ये आणि फोनवर हिंदीत बोलत होता. आप्पांनी बिलावरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघितला. येताना कुंदा घेतला.

शनिवारी तिघं पुन्हा खेळलो. फ्रेम पन्नासच्या आसपास राहिल्या, आवाज तुटला नाही. जर्मनीवाल्यानं पहिल्यांदा काय विचारलं असेल? "काकूंची आमटी अजून तशीच हाय काय रे?" जुनं कार्ड मामाच्या मुलाच्या कॉम्प्युटरला बसवलं. त्याला वेगळी पॉवरची वायरही लागत नाही. उरलेले पैसे बँकेत आहेत. पुढं कधी प्रोसेसर आणि बोर्ड बदलीन, तेव्हा मोटारही मोठी घेता येईल.

त्या रात्री आप्पा दारात येऊन बघत होते. "किती एचपीचं म्हणालास हे?"

"आप्पा, एकशे बत्तीस वॅट."

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे पाव एचपीसुद्धा नाही की! आणि ह्याच्यासाठी महिनाभर झोपला नाहीस व्हय लेका?"