नर-मादी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीनं तळ दाखवला. बैलजोडी विकून आबा सरकारी कामावर खडी फोडायला जायचे. पुढं चांगला पाऊस झाला, तेव्हा एसटीनं मला नळदुर्गला घेऊन गेले.

किल्ल्यातले वाडे पडलेले, दगडांतून झाडं उगवलेली. बोरी नदीवरचा बंधारा मात्र शाबूत. त्याच्या पोटात पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. एका अंगाला भरलेला तलाव, दुसऱ्या अंगाला नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळत होते. आम्ही आत उतरलो. खिडकीसमोर पाण्याचा पडदा, तोंडावर तुषार. महाल आतून कोरडा.

आबांनी दगडावरून हात फिरवला. खडी फोडून त्या हाताला घट्टे पडले होते.

"पाऊस तवाबी कमीच पडत आसंल की रं," ते म्हणाले. "ह्यांनी आडवला. आपुन न्हाई आडवला."

त्या उन्हाळ्यात आबांनी ओढ्याला दगडमातीचा बांध घातला. पहिल्या पुरात तो वाहून गेला. दुसराही गेला. तिसरा टिकला.

आबा आता नाहीत. विहिरीला मात्र होळीपर्यंत पाणी असतं.