मनमाडवरून कल्याणला

साखरखेर्ड्याला रेल्वे नाही. आमच्या अख्ख्या सिंदखेडराजा तालुक्यात रूळ नाही. समृद्धी महामार्ग आला, पण खामगाव-जालना रेल्वेमार्ग आमचे आजोबा मागत होते, बाप मागत होता, आता आम्ही मागतो. निवडणूक आली की तेवढा विषय निघतो. म्हणून 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जायचं तर आधी एसटीने जालना, मग रात्रीची गाडी. आमची रेल्वेशी ओळख झाली ती अशी, बाबासाहेबांच्या वाटेवर. पुढे पोटासाठी त्याच गाडीने गेलो आणि कल्याणला खोली घेतली. चौघांत एक खोली.

जालन्याहून मुंबईला जाताना मध्यरात्री मनमाड येतं. बहुतेक पोरं तेव्हा झोपलेली असतात. पण मित्रांनो, या स्टेशनावर जागं राहा. फेब्रुवारी 1938 मध्ये इथेच जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेबांनी तिथे सांगितलं. तेवढं आपल्या प्रत्येक वक्त्याला पाठ आहे. त्याच भाषणातला रेल्वेचा हिशेब मात्र कोणी सांगत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधं पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. हे दुखणं बाबासाहेबांनी नाव घेऊन मांडलं होतं.

आता याच जीआयपीची लोकल बघा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेवरची गाडी सुरू झाली. मुंबई लांबत गेली, गिरण्या बंद पडल्या, आणि मजूर कल्याण, बदलापूर, टिटवाळ्याच्या पुढे फेकला गेला. त्याला रोज सकाळी शहरात आणून टाकायचं आणि रात्री परत न्यायचं काम लोकल करते. ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. गावाकडे बैलबाजारातल्या टेम्पोतही एवढी दाटी करत नाहीत. बैलाला किंमत असते.

या गर्दीत जात विचारायला जागा नसते, हे खरं. आम्हालाही पहिल्या महिन्यात त्याचं फार कौतुक वाटलं होतं. मग दाराकडे लक्ष गेलं. पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर आली, तिची दारं आपोआप बंद होतात. म्हणजे माणूस पडू नये याची युक्ती रेल्वेकडे होती. पण ती आधी मिळाली एसीच्या महागड्या तिकिटाला. 5 रुपयांचं तिकीट दारातच लटकत राहिलं. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या, दारातली माणसं रुळावर पडली, जीव गेले. त्यानंतर साध्या डब्यांनाही बंद दारं लावू, अशी घोषणा झाली. त्या संध्याकाळी आमच्यातला एक जण फोन उचलत नव्हता. साखरखेर्ड्याहून त्याची आई आम्हाला फोन करत होती आणि आमच्याकडे सांगायला काही नव्हतं. तो रात्री दहाला आला. गाड्या खोळंबल्या होत्या, बॅटरी संपली होती, एवढंच.

एका रविवारी मेगाब्लॉकमध्ये रुळावर काम चाललेलं दिसलं. बोलीवरून एक मामा आपल्या भागातले वाटले. जयभीम घातला. मेहकरकडचे निघाले.

"मामा, परमनंट का?"

"म्या हाय बाप्पा. हे चारी पोरं ठेकेदाराचे. काम तेच, पगार नाही तसा."

पोरांची नावं, गावं विचारली. चौघंही आपलेच.

1938 ला आपल्याला गँगमनच्या वर चढू दिलं नाही. आज गँगमनची पक्की नोकरीही हातातून काढून ठेकेदाराच्या हातात दिली जाते. भरती रेल्वेची असेल तर आरक्षण लागतं, बिंदुनामावली लागते. ठेकेदाराच्या हजेरीपटाला ती लागत नाही. संविधानाला हात न लावता आरक्षण संपवायची ही सोपी वाट आहे, आणि आपण मोर्चे काढतो ते स्टेशनच्या नावासाठी. नाव हवंच. दादरला चैत्यभूमी म्हणा, आम्ही घोषणा द्यायला पुढे असू. पण त्याच मोर्च्यात सफाई, खडी आणि रुळाची कामं कायम भरतीने भरा, हा एक फलक तरी दिसला पाहिजे.

परवा गावाहून फोन आला. खामगाव-जालना मार्गासाठी निवेदन द्यायचंय, सह्या पाठवा म्हणाले. आम्ही चौघांनी सह्या केल्या आणि खाली एक ओळ वाढवली: या मार्गावरची कामं ठेक्यावर देऊ नयेत. ती ओळ निवेदनात ठेवायची की नाही, यावरून गावात आता वाद चालू आहे.