वाऱ्याच्या तोंडी

1881 साली, वयाच्या पंचेचाळिशीत, अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कलरकोट्स या कोळ्यांच्या गावात जाऊन राहिला, तो पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत. टाइन नदीचं मुख तिथून जवळच. कोळशाची आणि जहाजबांधणीची ती नदी. पण होमरची नजर खिळली कोळणींवर. होड्या पुरुषांच्या, बाकी सगळं बायकांच्या अंगावर. ओहोटीला खडकांवरचे शिंपले खरवडायचे, वाळूतले किडे उकरायचे, लांबच लांब दोरावरच्या शेकडो गळांना एकेक करून आमिष लावायचं, जाळी सांधायची, मासळीची टोपली पाठीवर मारून दारोदार विकायची. आणि वादळ उठलं की किनाऱ्यावर उभं राहायचं.

तिथली एक बाई त्यानं 1883 मध्ये 'इनसाइड द बार' या जलरंगचित्रात उभी केली. टोपली हाताशी, पाय घट्ट रोवलेले, वाऱ्यानं एप्रन शिडासारखा फुगलेला. त्या कापडावर मी पुनःपुन्हा थबकते. वारा दाखवायला त्याला आणखी काही लागलंच नाही.

कष्ट त्याला नवे नव्हते. विशी गाठण्याआधीच तो बोस्टनच्या एका शिळाछापखान्यात उमेदवारीला लागला होता. 1868 मध्ये लॉरेन्स या अमेरिकी शहरातल्या गिरण्या सुटतानाची गर्दी त्यानं 'हार्पर्स वीकली'साठी रेखाटली. 1871 च्या 'द मॉर्निंग बेल'मध्ये तर डबा घेऊन गिरणीकडे निघालेली तरुणी आहे. पण कोवळ्या उन्हात ती इतकी गोड दिसते, की पुढचा दिवसभराचा खडखडाट विसरूनच जावा. मला हे फार खटकतं. कलरकोट्सनंतरची त्याची नजर त्या गिरणीतल्या बायकांच्या वाट्याला यायला हवी होती.

ती नजर आली अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या मच्छिमारांच्या वाट्याला. 1883 मध्ये तो तिथल्याच प्राउट्स नेकला स्थायिक झाला आणि दोन वर्षांत त्यानं 'द हेरिंग नेट' रंगवलं. लाटेवर कललेली छोटी होडी, एक जण जाळं ओढतोय, दुसरा त्यातली मासळी सोडवतोय. टोप्यांखाली चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत, आणि मला तेच योग्य वाटतं. सगळं चित्र पाठींचं आणि हातांचं आहे. दोघंही आपापल्या वजनानं होडी सावरतायत, आणि चित्रकाराकडे बघायला त्यांच्यापैकी कुणालाच सवड नाही.