माहेर कोलोनचं, नांदणं बुर्गोसचं

उत्तर स्पेनमधल्या बुर्गोसला आर्लांसोन नदीचा पूल ओलांडून सांता मारियाच्या वेशीतून आत शिरलं, की कॅथीड्रलची जोडशिखरं समोर येतात. दगड आरपार कोरलेला. मान वर करून पाहिलं तर जाळीतून पलीकडचे ढग सरकताना दिसतात.

इथे परकं काय, असं विचारण्यापेक्षा अस्सल स्पॅनिश काय, हेच शोधावं लागतं. राजा तिसऱ्या फर्नांदोची वधू आणायला बिशप मॉरिसिओ जर्मनीला गेला, येताना फ्रान्समधून आला आणि १२२१मध्ये फ्रेंच वळणाच्या कॅथीड्रलचा पाया घातला. पुढे दोनशे वर्षांनी दुसरा बिशप, आलोन्सो दे कार्ताखेना, बाझलच्या धर्मपरिषदेला गेला. त्याचे वडील आधी याच गावचे ज्यू धर्मगुरू, मग ख्रिस्ती बिशप! आलोन्सोच्या पुढाकाराने जर्मनीतल्या कोलोनचा वास्तुकार हान्स इथे आला आणि हुआन दे कोलोनिया झाला. १४४२ ते १४५८ या काळात त्याने ही शिखरं उभी केली. गंमत अशी, की खुद्द कोलोनच्या कॅथीड्रलचे मनोरे तेव्हा अर्धवट होते. ते पुरे झाले १८८० साली.

आत मात्र मी सर्वांत जास्त रेंगाळलो ते हुआनचा मुलगा सिमोन याने बांधलेल्या सरसेनापतीच्या चॅपेलमध्ये. संगमरवरात पहुडलेले पती-पत्नी, तिच्या पायाशी छोटंसं कुत्रं. वर छताला आठ टोकांचा तारा, मधोमध जाळीदार, त्यातून उजेड झरतो. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींतून तारा साधायची युक्ती स्पेनमधल्या मुस्लिम कारागिरांना कित्येक शतकं ठाऊक होती. कोर्दोबाची मशीद त्याची साक्ष आहे. जर्मन बापाच्या मुलाने ती इथल्याच मातीतून उचलली असावी, असं मला वाटतं. बापाच्या शिखरांपेक्षा मुलाचा हा तारा मला उजवा वाटला.

तिसरी पिढी फ्रान्सिस्कोची. त्याने १५१६मध्ये घडवलेलं पेयेखेरिया दार मागच्या अंगाला आहे आणि त्यावर गॉथिकऐवजी इटलीहून आलेल्या नव्या शैलीची छाप आहे. बहुतेक प्रवासी समोरच्या शिखरांचे फोटो काढून निघून जातात. तुम्ही कॅथीड्रलला पूर्ण वळसा घाला. हे दार चुकवू नका.