नव्वद टक्के खात्री

आषाढात कपिलधारला गेलो होतो. मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन झालं, धबधब्याखाली भिजून झालं. परतताना कुजलेल्या ओंडक्यावर मावसभावाला अळंबीचा झुबका दिसला. तपकिरी टोप्या, ओल्या गुळासारख्या चकाकणाऱ्या. त्यानं फोटो काढला आणि ॲपनं नाव सांगितलं: सायलोसायबी ॲझ्युरेसन्स. खात्री ९० टक्के.

"दादा, ही नशेवाली! एक खाऊन बघू?"

अशी मॉडेलं बनवणं हे माझं रोजचं काम. त्या ९० टक्क्यांचा अर्थ एवढाच, की ॲपला ठाऊक असलेल्या नावांपैकी हे नाव फोटोशी जास्त जुळलं. फोटो कुठे काढला, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

तिथंच दगडावर बसून वाचलं. ही अळंबी अमेरिकेतली. पॅसिफिकच्या काठी, कोलंबिया नदीच्या मुखापाशी, वाळूच्या टेकाडांवरच्या गवतात आणि वाहून आलेल्या कुजक्या लाकडांत ती उगवते. स्टॅमेट्स आणि गार्ट्झ यांनी १९९५ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. तिच्या जातकुळीत सर्वांत जहाल म्हणून ती ओळखली जाते. आम्ही मात्र बालाघाटच्या डोंगरात, समुद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत बसलो होतो.

पुढचं वाचून भावाचा चेहरा उतरला. गॅलेरिना मार्जिनाटा ही अळंबीही कुजक्या लाकडावर येते, तपकिरीच असते आणि जाणकारांचीही गल्लत करते. तिच्यातल्या विषानं सहा-बारा तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात. नंतर बरं वाटल्यासारखं होतं आणि तेवढ्यात आतून यकृत निकामी होत जातं. सायलोसायबिन आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात येतं, ही गोष्ट त्यापुढे किरकोळ वाटली.

शेजारी शेळ्या राखणारे एक म्हातारबा आमची गंमत बघत होते. मी झुबका दाखवून विचारलं, "बाबा, ही कोणती?"

"कुत्र्याची छत्री हाय, लेकरा. टाक खाली."

"आणि खायची कोणती?"

"वारुळावरची. तीबी वळखीची असंल तरच."

जी ओळखीची नाही, ती सगळी कुत्र्याची छत्री. बाबांच्या यादीत 'माहीत नाही' यासाठी एक नाव होतं. ॲपच्या यादीत ते नव्हतं, आणि मी बनवलेल्या मॉडेलांतही मी ते कधी ठेवलं नव्हतं.

भावानं झुबका ओंडक्यापाशी ठेवला आणि ओढ्यावर जाऊन बराच वेळ हात धुतले.