शाहूपुरीहून नगरला : एका रणगाड्याची गोष्ट

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी वसविली, ती व्यापारासाठी. गुळाने नावारूपाला आलेल्या या पेठेतील माणूस नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला निघतो, तो बहुधा आनंदधामच्या दर्शनासाठी किंवा सोयरिकीच्या निमित्ताने. सातारा, पुणे मागे पडते, शिरूरला घोड नदी ओलांडली की माळरान सुरू होते. नगरच्या छावणीतील रणगाडा संग्रहालय पाहणारेही काही असतात. पण याच छावणीतील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ‘फामागुस्ता’ नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जतन केलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याचा स्वार सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५० चा. घराणे पंजाबी, सरगोध्याकडचे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकून १३ जून १९७१ रोजी तो पूना हॉर्समध्ये अधिकारी झाला. ही पलटण १८१७ मध्ये पुण्यातच उभी राहिलेली. नगरला तरुण अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण चालू असतानाच युद्धाची चिन्हे दिसू लागली आणि त्याला अर्ध्यातून पलटणीत बोलावले गेले. निघताना त्याने गोल्फच्या काठ्याही बरोबर घेतल्या, लाहोरला खेळू म्हणून, असे सांगतात. एकविसाव्या वर्षीचा तो भाबडा विश्वास!

१६ डिसेंबर. शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे, जरपाल गावाजवळ, पाकिस्तानी पॅटन रणगाडे चाल करून आले. संख्येने ते अधिक. मदतीची हाक येताच अरुण आपली तुकडी घेऊन धावला. लढता लढता त्याच्या रणगाड्याला गोळा लागून आग लागली. बाहेर पडण्याचा हुकूम बिनतारी यंत्रावरून आला. तोफ अजून चालते आहे, एवढ्या कारणावर त्याने तो मानला नाही. त्याने टिपलेला अखेरचा रणगाडा त्याच्यापासून जेमतेम शंभर मीटरवर होता. त्यानंतरच्या गोळ्याने अरुण गेला. सैन्यात अधिकारी म्हणून त्याचे आयुष्य अवघे सहा महिने तीन दिवसांचे.

दुसऱ्याच दिवशी युद्ध थांबले. घरी मुलाच्या परतण्याची वाट पाहणे चालू होते. २६ डिसेंबरला तार आली. परमवीरचक्र मरणोत्तर मिळाले.

पुढची हकीकत २००१ ची. वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल ८१ व्या वर्षी आपले जन्मगाव पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतले आणि पाहुणचारात काही उणे ठेवले नाही. निरोपाच्या आदल्या रात्री यजमानांनी सांगितले, की बसंतरला अरुणचा मृत्यू त्यांच्याच हातून झाला होता. दुसऱ्या दिवशी वृद्ध पिता दिल्लीस परतला.