अठरावी शर्यत

चकती वाचणारं यंत्र बिघडलं की ते स्वतःचा दोष सांगत नाही, चकतीलाच दोष देतं. आमच्या गेम कन्सोलचंही तसंच होतं. डीव्हीडी ठेवून झाकण बंद केलं की आत घुर्र असा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा, आणि मग पडद्यावर चकती वाचता येत नसल्याचा निरोप. चकती काढायची, पुसायची, परत ठेवायची. सहा-सात वेळा असं केल्यावर एकदा खेळ सुरू व्हायचा आणि पुसल्यामुळेच झाला असं घरातल्या सगळ्यांना वाटायचं. दुरुस्तीच्या कामात असं एखादं चुकून आलेलं यश फार घोटाळा करतं.

हा कन्सोल आम्ही सिकंदराबादला बदलीवर जाणाऱ्या शेजाऱ्यांकडून जुनाच घेतला होता. मी तेव्हा दुसरीत होतो. सहावीत मी या शाळेत आलो आणि कन्सोल पप्पांच्या काळ्या ट्रंकेत गेला. मधल्या दोन बदल्या त्याने ट्रंकेतच केल्या. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा आम्ही पुन्हा सिकंदराबादलाच होतो, पण पप्पांची फील्डची ऑर्डर आली होती. हातात बारा दिवस होते. आईने सामानाचे तीन ढीग केले होते: गावाला जाणारं, पप्पांबरोबर जाणारं आणि भंगारात जाणारं. कन्सोल तिसऱ्या ढिगात होता, डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन.

"चालत असेल तर ठेवू, नाहीतर उगाच वजन कशाला वाहायचं?" आई म्हणाली. तिचं बरोबर होतं. पण त्याच्याबरोबर एक मेमरी कार्डही होतं. त्यावर पप्पा आणि मी आळीपाळीने खेळत असलेली मोटार शर्यतींची मालिका होती. चोवीस शर्यती, त्यातल्या सतरा झालेल्या. अठरावी पप्पांची पाळी होती, आणि ती तशीच राहून मी हॉस्टेलला आलो होतो.

पप्पा ईएमईमध्ये रणगाड्यांचे मेकॅनिक आहेत. मी स्क्रूड्रायव्हर शोधू लागलो तर म्हणाले, "गाडी वर्कशॉपला आली की पहिल्यांदा पाना उचलायचा नसतो. पहिल्यांदा ड्रायव्हरला विचारायचं. कधी बंद पडते, कुठे पडते, थंड असताना की तापल्यावर. वही आण." मग दोन तास आम्ही कन्सोल उघडलाच नाही. फक्त चालवला आणि लिहिलं. चार डीव्हीडी, प्रत्येकी पाच वेळा. वीसमधून तीनदाच वाचल्या. मग पप्पांनी आईची अभंगांची सीडी मागितली. ती पहिल्याच वेळी लागली आणि शेवटपर्यंत न अडखळता वाजली.

त्या एका सीडीने बरंच काम वाचवलं. सीडी वाजली याचा अर्थ चकती फिरवणारी मोटर ठीक आहे, झाकणाचा स्विच ठीक आहे, लेन्स हलते आहे. बिघाड फक्त डीव्हीडीच्या वाटेवर आहे. इथे मला थोडं बोलता आलं, कारण हे मी वाचलेलं होतं. सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा लेसर लागतो. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. आमच्या यंत्रात लेसर दोन, पण लेन्स एकच. सीडीवर खड्ड्यांच्या रांगा एकमेकींपासून १.६ मायक्रॉनवर असतात, डीव्हीडीवर ०.७४ मायक्रॉनवर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यामुळे लेन्सवर जी पुटं सीडीला चालून जातात ती डीव्हीडीला चालत नाहीत.

पप्पांचा या आकड्यांवर विश्वास बसेना, म्हणून मी गणित करून दाखवलं. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. डीव्हीडीवरची माहिती साधारण २४ मिलिमीटर त्रिज्येपासून ५८ मिलिमीटरपर्यंत असते. त्या कड्याचं क्षेत्रफळ काढायचं आणि दोन रांगांमधल्या अंतराने भागायचं. उत्तर येतं जवळजवळ १२ किलोमीटर. एवढी लांब एकच सर्पिल रेघ, आतून बाहेर जाणारी, आणि लेन्सने तिच्यावरून घसरायचं नाही. आमच्या क्रॉस कंट्रीला निम्मे जण त्याच्या निम्म्यातच घसरतात.

शिवाय चकती काही सपाट फिरत नाही, थोडी वरखाली डोलतेच. म्हणून लेन्स चार बारीक तारांवर टांगलेली असते आणि बाजूच्या वेटोळ्यांतला प्रवाह व चुंबक तिला सारखे वरखाली, डावीउजवीकडे सरकवत राहतात, म्हणजे प्रकाशाचा ठिपका रेघेवरून हलत नाही. हे ऐकून पप्पा जरा थांबले. "म्हणजे टी-७२ ची तोफच की," ते म्हणाले. "रणगाडा खड्ड्यांतून उसळतो, पण स्टॅबिलायझर तोफेला निशाण्यावर धरून ठेवतो." तिथपासून त्यांना तो कन्सोल खेळणं वाटेनासा झाला असावा. निदान तिसऱ्या ढिगातून तो उचलून त्यांनी टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोटीच्या गुजराती गल्लीत गेलो. हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग घ्यायचे तर तिथेच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पांढऱ्या ग्रीसची लहान ट्यूब घेतली. दुकानदाराला लक्षणं सांगितली तर तो मान वर न करता म्हणाला, "लेन्स कमजोर हो गया. पॉट घुमा दो, चल जाता." लेन्सच्या भागावर एक चिमुकला फिरवायचा रोध असतो. तो फिरवला की लेसरचा प्रवाह वाढतो आणि मेलेली वाटणारी चकती कधी कधी झटक्यात वाचली जाते. मला तो उपाय पसंत होता. बारातले दोन दिवस संपले होते.

"किती फिरवायचं?" पप्पांनी मला रिक्षात विचारलं.

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती ओहम?"

मी गप्प बसलो. ते म्हणाले, "एअर फिल्टर बघायच्या आधी ॲक्सिलरेटर दाबून ठेवायचा नाही." प्रवाह वाढवला की लेसर डायोडचं आयुष्य कमी होतं, हे खरंच आहे. तरी माझं मत सांगतो: डायोड खरोखरच म्हातारा झाला असेल, आधीच्या जागेवर खूण केली असेल आणि हातात मीटर असेल, तर तो उपाय वाईट नाही. फक्त तो सगळ्यात शेवटचा.

कन्सोल उघडताना आम्ही प्लग काढून ठेवला होता, आणि आत हात घालण्याआधी दर वेळी लोखंडी कपाटाला हात लावत होतो. अंगावरची स्थिर वीज लेसर डायोडला मारू शकते. स्क्रू तळाच्या रबरी गुट्ट्यांखाली लपलेले असतात. ते ठेवायला पप्पांनी आईचं आप्पेपात्र घेतलं: पहिल्या थरातले स्क्रू पहिल्या खळग्यात, दुसऱ्या थरातले दुसऱ्यात. आईला ते मुळीच आवडलं नाही, पण याहून चांगली सोय मला अजून सापडलेली नाही. प्रत्येक पायरीचा फोनवर फोटो काढला. धाकटीला टॉर्च धरायचं काम दिलं होतं. ते तिने उत्तम केलं, टॉर्च आमच्या डोळ्यांत न मारता.

लेन्सवर धुळीचा राखाडी पडदा उघड्या डोळ्यांना दिसत होता. कापूस लावलेली काडी अल्कोहोलमध्ये भिजवून, निथळून, दाब न देता फिरवायची. मग कोरड्या काडीने टिपायचं. लेन्स प्लॅस्टिकची असते. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने ती कायमची खराब होऊ शकते. मी लगेच सरकपट्ट्यांवरचं जुनं ग्रीसही पुसायला निघालो, पण पप्पांनी हात धरला. "एका वेळी एकच. दोन गोष्टी केल्या आणि गाडी सुरू झाली, तर कशाने झाली ते कसं कळणार?" म्हणून आप्पेपात्रातले स्क्रू परत लावले आणि वही उघडली. वीसमधून सतरा. तीनाचे सतरा झाले होते.

रात्री जेवल्यावर मेमरी कार्ड लावलं. आमचा संघ, आमचा लाल रंग, सतरा शर्यतींचे गुण, सगळं होतं. पप्पांनी अठरावी शर्यत निवडली. पट्टी निम्म्यापर्यंत भरली आणि थांबली. आतून टक, टक, टक असा आवाज. बंद करून पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. दुसऱ्या एका खेळातही उशिराच्या एका टप्प्यावर हाच आवाज.

माझा धीर सुटला होता. पप्पा मात्र खूश दिसले. "कुठेही बंद पडणारी गाडी अवघड. एकाच जागी बंद पडणारी सोपी," ते म्हणाले. "रस्ता बघ."

रस्ता म्हणजे लेन्सचा गाडा ज्यावर आतून बाहेर सरकतो तो दांडा आणि त्याला ढकलणारा आट्यांचा स्क्रू. अठराव्या शर्यतीची माहिती चकतीच्या बाहेरच्या भागात असेल तर गाडा तिथवर पोचतच नसणार. पण मग सीडी शेवटपर्यंत कशी वाजली? याचं उत्तर धाकटीने दिलं, तेही नकळत. सीडी उलटी धरून ती म्हणाली, "हिच्यावर दोन रंग आहेत." खरोखरच, माहिती जिथे संपते तिथे चकतीची छटा बदलते. अभंग चाळीस मिनिटांचे होते आणि सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात. आईची सीडी कडेपर्यंत गेलीच नव्हती.

झाकणाचा स्विच दाबून धरून, उघड्या यंत्रात लेन्स चालताना बघावी असा मोह इथे होतो. तो करू नये. अशा यंत्रांवर पहिल्या वर्गाचं लेसर उपकरण अशी पट्टी असते, पण ती सुरक्षितता झाकण बंद असतानाची आहे, आणि सीडीचा लेसर तर दिसतही नाही. आम्ही वीज काढूनच दातेरी चाक बोटाने फिरवलं. गाडा दोन तृतीयांश वाट सहज गेला आणि मग अडला. आट्यांमध्ये जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं आणि त्यात कापसाचा एक तंतू गुंडाळलेला होता. पप्पांनी तो चिमट्याने काढला, सगळे आटे अल्कोहोलने पुसले आणि काडेपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल एवढंच नवं ग्रीस लावलं. जास्त वंगण धूळ बोलावतं, असं ते म्हणतात. चाक फिरवलं तर गाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वजनाने सरकला. पॉटला आम्ही हात लावला नाही.

क्रिकेटची एक चकती मात्र शेवटपर्यंत वाचली गेली नाही. तिच्यावर रेघेच्या दिशेने गेलेला, गोल वळणाचा ओरखडा आहे. बाकीच्या चकत्यांवर आतून बाहेर जाणारे मोठमोठे ओरखडे असूनही त्या चालतात. हे आधी विचित्र वाटतं. पण आडवा ओरखडा प्रत्येक फेरीतला थोडासाच तुकडा खातो, आणि तेवढं नुकसान भरून काढायची सोय चकतीवरच्या माहितीत असते. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडलेल्या गणितावर ती चालते. व्हॉयेजर-२ यानाने युरेनसची छायाचित्रं पाठवली तीही त्याच्याच आधाराने. गोल ओरखडा एकाच जागची लांबलचक माहिती सलग खातो, तिथे गणितही हात टेकतं. म्हणून चकती पुसायची ती मधून कडेकडे, सरळ. ताट पुसल्यासारखी गोल गोल नाही.

उरलेल्या सात शर्यती आम्ही चार रात्रींत संपवल्या. अठरावी पप्पा जिंकले. एकूण गुणांत आमचा संघ तिसरा आला. त्या चार रात्रींत आम्ही शर्यतीबद्दलच बोललो असं नाही. ते कुठे जाणार, तिथे फोन कधी लागतो, आईला बँकेचं काय समजावून ठेवायचं, माझा एनडीएचा फॉर्म, हे सगळं पडद्याकडे बघत बोलून झालं. समोरासमोर बसून त्यांना आणि मला हे जमलं असतं की नाही, शंका आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी पप्पांनी वहीतलं पान फाडून त्याचं जॉब कार्ड केलं: तारीख, लक्षणं, केलेलं काम, वापरलेलं सामान. मेकॅनिकच्या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं आणि ड्रायव्हरच्या रकान्यात स्वतःचं. ते पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कन्सोलबरोबर ठेवलं आणि कन्सोल गावाला जाणाऱ्या ढिगात गेला.

आता तो गावी धाकटीच्या ताब्यात आहे. पप्पांचा फोन पंधरा दिवसांतून एकदा लागतो, आणि तो लागला की आवाज तुटायच्या आत सगळ्यांना बोलायचं असतं. मागच्या वेळी धाकटीच्या वाट्याला अर्धा मिनिट आला. आई सांगत होती, पप्पांनी अभ्यासाचं विचारलं आणि लगेच पुढे, "बाहेरच्या कडेला अडकतं का गं अजून?" धाकटी म्हणाली, "नाही अडकत. पण अठरावी लई अवघड आहे."